नाण्याच्या मागची बाई

टांकसाळ, खोदकामाची खोली
१२ जानेवारी

ताई,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही म्हणून मनातल्या मनात मला झोडपून काढलं असशील. आता हात थांबव आणि ऐक, सांगण्यासारखं घडलं आहे. वाचून झालं की पत्र चुलीत घाल. टांकसाळीतली गोष्ट बाहेर गेली तर माझ्या पोटावर पाय येईल.

राजेसाहेब गादीवर बसल्याला यंदा पंचवीस वर्षं होतात. त्यानिमित्त नवं चांदीचं नाणं निघणार आहे. पुढच्या बाजूचा राजाचा चेहरा नेहमीप्रमाणे समुद्रापलीकडून तयार होऊन येईल, त्याला हात लावायची आमची काय बिशाद. पण मागची बाजू या वेळी इथेच करायची आहे. आजवर तिथे पानांची वेल आणि मधे अक्षरं असायची. आता हुकूम असा, की ‘हा देश’ एका बाईच्या रूपात दाखवा.

आम्हा सगळ्या खोदकारांना चित्रं काढायला सांगितलं. चष्मेकाका आठवतात ना, ज्यांनी मला कोरणी धरायला शिकवलं? त्यांनी काढलेली बाई इतकी गुटगुटीत, की कुणीतरी म्हणालं, हा देश आत्ताच जेवून उठलेला दिसतो. ती बसलेली आहे, हातात फळांची परडी. माझी बाई उभी आहे. बाह्या वर केलेल्या, एका खांद्यावर धान्याची पेंढी, दुसरा हात कमरेवर. टांकसाळीचे साहेब तिच्यापुढे बराच वेळ थांबले आणि म्हणाले, ‘या बाईने आयुष्यात काम केलेलं दिसतं.’ झालं. माझं चित्र निवडलं गेलं. भिंती खिळ्याने कोरून ठेवायचा म्हणून तू ज्याला टोच्या म्हणायचीस, त्याचं चित्र.

आता ते मेणात घडवायचं आहे, चांगलं ताटाएवढं मोठं. त्यासाठी दोन गोष्टी विचारतो, हसू नकोस. ओल्या चादरींचं गाठोडं तू उचलतेस ते कोणत्या खांद्यावर, आणि भार पडला की मान कुठे झुकते? दुसरं, तुझा कान फाटला आहे तो डावा ना? मागच्या खेपेला तू अंगणात केस वाळवत होतीस तेव्हा पाहिला होता, पण आता खात्री वाटत नाही.

छकुलीला मामाचा आशीर्वाद. नर्सचं शिक्षण कसं चाललंय तिचं?

तुझा,
टोच्या


२० जानेवारी

टोच्या,

पत्र चुलीत घातलं नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवलंय. भाऊ राजाच्या पाठीला पाठ लावून उभा राहणार आणि बहिणीने कागद जाळायचा, हे कुठलं शहाणपण? पण तोंड बंद ठेवलंय. छकुलीलाही सांगितलं नाही, आणि ते मला किती जड गेलं हे माझं मलाच ठाऊक.

गाठोडं डाव्या खांद्यावर घेते. उजव्या हाताने दार उघडायचं असतं म्हणून. मान झुकत नाही. मान झुकली की पाठ गेली समज. नव्या येणाऱ्या पोरींना मी पहिलं हेच शिकवते, की ओझं खांद्यावर घ्यायचं, मानेवर नाही. इस्पितळाच्या धुलाईखान्यात आम्ही सगळ्या उभ्याने काम करतो. हौद कमरेएवढे बांधून घ्यायला मेट्रनबाईंशी किती भांडले होते, तुला लिहिलं होतं ना? आधी बसून, गुडघ्यांवर घासावं लागायचं. आमच्या मुकादमीणबाईंचे गुडघे त्यातच गेले.

कान डावाच. कुड्या जड होत्या, पाळी ओघळली, हे तुला मागेच सांगितलंय. पण तुझ्या चित्राला कानाशी काय करायचंय? तो विषय मला आवडत नाही. फडकं बांधलेलं असतं म्हणून कुणाच्या नजरेला पडत नाही, तेच बरं आहे.

छकुली ठीक. परवा पहिल्यांदा एकटीने जखम बांधली आणि घरी येऊन भिंतीला टेकून बसली. जेवली मात्र भरपूर.

तब्येतीला जप. डोळ्यांना जास्त.

ताई


३ जुलै

ताई,

मोठ्या खंडानंतर लिहितोय. काम संपलं. मेणावरून प्लास्टर झालं, प्लास्टरवरून लोखंडी प्रत झाली, आणि मग ती आमच्या त्या यंत्रावर चढली. एका टोकाची सुई मोठ्या चेहऱ्यावरून गोगलगायीसारखी फिरत राहते, आणि दुसऱ्या टोकाची पोलादात तेच सगळं नखाएवढं कापत जाते. मी शेजारी स्टूल टाकून बसून होतो. काही करायचं नव्हतं, तरी उठवेना.

नाण्यांना मंजुरी देणाऱ्या समुद्रापलीकडच्या मंडळाने थोडे बदल सुचवले. पेंढी जरा वर, पाय जरा खाली, असं काही. मोठ्या कामात हे व्हायचंच. चेहऱ्याला कुणी हात लावला नाही, हे महत्त्वाचं. साहेबांनी माझं नाव मोठ्या कचेरीत कळवलं आहे. आता खिडकीपाशी टेबल मिळेल, उत्तरेचा उजेड येतो तिथे. चष्मेकाका म्हणाले, ‘चांगलं झालं.’ आणि मग बराच वेळ चष्माच पुसत बसले.

नाणं दोन-तीन महिन्यांत तुमच्या गावात पोचेल. बाई कोण आहे ते मी सांगत नाही. तू ओळखशील. रागावू नकोस म्हणजे झालं.

तुझा,
टोच्या


२८ ऑक्टोबर

टोच्या,

ओळखलं.

आधी मी नाही ओळखलं. आज पगाराचा दिवस. खिडकीतून नवी कोरी नाणी मिळत होती म्हणून सगळ्या खुशीत होत्या. मुकादमीणबाईंनी एक नाणं उजेडात धरलं, माझ्याकडे पाहिलं, परत नाण्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अगं, ही तर तू.’ मी म्हटलं, काहीतरीच काय. मग एकीने माझ्या डोक्यावरचं फडकं मागे ओढलं. थट्टेनेच, वाईट मनाने नाही. सगळ्यांनी माझा कान पाहिला, नाण्यावरचा कान पाहिला. मग त्यातली सगळ्यात लहान पोरगी म्हणाली, ‘पण तुम्ही कुणाचे पाय धरलेत?’

पाय जरा खाली, असं लिहिलं होतंस. जरा? मी गुडघ्यांवर आहे. दोन्ही हातांनी पेंढी वर धरली आहे, मान वर करून कुणाच्या तरी तोंडाकडे बघते आहे. तो कोण ते नाण्यावर नाही. नाणं उलटवलं की कळतं.

घरी आले तर छकुलीच्या हातातही एक नाणं. वॉर्डात कुणीतरी दिलं होतं. तिने विचारलं, ‘आई, तुला मामाने असं बसवलं तेव्हा तू काही बोलली नाहीस?’ तिला वाटलं, मी बसले होते. म्हणजे चित्र काढून घ्यायला, ठरवून. मी नाही म्हटलं, तर तिला पटेना. म्हणाली, मग कान कसा माहीत त्याला? काय सांगू? मीच तर कळवला होता. डावा म्हणून.

पाववाल्याच्या दुकानात गेले. तो नाणं हातात आलं की अंगठ्याने घासून बघतो, खरं-खोटं कळायला. सगळ्यांसमोर माझ्या तोंडावरून अंगठा फिरवत मला म्हणाला, ‘तुम्ही आता चलनी नाणं झालात.’ लोक हसले. तो रोज मला पाव देतो, चांगला माणूस आहे. मीही हसले. हसायला नको होतं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून फार लिहीत नाही. गुडघ्यांचं एकवेळ समजून घेईन, तुझ्यावर वरून दडपण आलं असेल. पण कान का दाखवलास? मी तुला तो विषय नको म्हटलं होतं.

ताई


९ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. टेबलाशी बसून उत्तर लिहवत नव्हतं, म्हणून खानावळीत बसून लिहितोय.

पाय जरा खाली, असं लिहिताना मला ठाऊक होतं की मी खोटं लिहितोय. काय झालं ते आता सरळ सांगतो. मंडळाचा कागद आला तेव्हा साहेबांनी मला बोलावून विचारलं, ‘ही उभी का आहे?’ मी म्हटलं, काम करते आहे म्हणून. ते म्हणाले, ‘मंडळाचं म्हणणं असं, की उभी बाई काही देत नाही. नुसती उभी असते. राजाच्या पंचविसाव्या वर्षी देशाने काहीतरी अर्पण करताना दिसलं पाहिजे.’ मग ते अगदी सौम्यपणे म्हणाले, ‘तुम्हाला जमणार नसेल तर दुसऱ्या कुणाचं चित्र घेऊ. त्यांची बाई बसलेलीच आहे.’

मी म्हटलं, ‘जमेल.’

एवढंच बोललो. कुणी दरडावलं नाही, धमकावलं नाही. नाही म्हटलं असतं तर नोकरीही गेली नसती, नुसतं चित्र गेलं असतं. मला ते चित्र हवं होतं. पाती गरम करून मी मेणातले तुझे पाय कापले आणि खाली दुमडून बसवले, तेव्हा चेहरा तुझाच आहे हे मी विसरलो नव्हतो. चेहरा बदलायला घेतलाही होता. पण तो इतका साधला होता, की हात पुढे जाईना. लोभ सोडवला नाही, हेच खरं.

कानाबद्दल मात्र माझ्यावर अन्याय करू नकोस. अख्ख्या नाण्यात ज्याची मला लाज वाटत नाही अशी ती एकच गोष्ट आहे. नाण्यांवरच्या बायकांना कान असतात ते शिंपल्यासारखे, कुणी कधी न वापरलेले. तुझा कान खऱ्या बाईचा आहे. दागिन्याचा भार सोसलेला.

आणि आता एक चांगली बातमी, ज्याने तुझा राग थोडा तरी उतरेल. इतकी वर्षं जहाजावर गेलेले दाजी भेटले. खरंच. मागच्या आठवड्यात टांकसाळीच्या फाटकाशी एक माणूस माझी चौकशी करत आला, हातात आपलं नाणं. मी ओळखलंच नाही, तुझ्या लग्नात पाहिलं तेवढंच. केस पांढरे झालेत. बंदरावर काम करतात म्हणे. पगारात नाणं मिळालं, आणि पाहताक्षणी म्हणाले ही माझी बायको. जहाजावरून परत आल्यावर तुम्हा दोघींना खूप शोधलं, पण पत्ता लागला नाही, असं सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. छकुली केवढी झाली ते विचारत होते. मी त्यांना जेवायला घातलं आणि तुझा पत्ता दिला.

नाण्याने तुला खाली बसवलं, पण निदान तुझं माणूस तरी परत आणलं. असं मी स्वतःला समजावतो आहे.

तुझा,
टोच्या


२५ नोव्हेंबर

टोच्या,

तुझं पत्र हातात पडायच्या आदल्या दिवशी तो दारात उभा होता.

सगळं लिहिते. पुन्हा लिहिणार नाही, म्हणून नीट वाच.

तो जहाजावर कधीच गेला नाही. मी गेले. छकुली रांगत होती तेव्हा तिला उचलून मी त्याच्या घरातून निघाले. तो माझ्या कुड्या मागत होता, कशासाठी ते विचारू नकोस, नेहमीचंच. मी नाही म्हटलं. त्याने उजवी कुडी हाताने काढली आणि डावी ओढली. पाळीला धरून नाही, कुडीला धरून. ज्या इस्पितळात कान शिवून घ्यायला पोचले, तिथेच चादरी धुवायला राहिले. डॉक्टरांनी शिवला होता, पण दोन्ही कडा नीट जुळल्या नाहीत.

तू तेव्हा टांकसाळीत नवा लागला होतास. तुला कळवलं असतं तर सगळं सोडून आला असतास. आणि छकुलीला बाप वाईट आहे हे सांगण्यापेक्षा बाप लांब आहे हे सांगणं सोपं होतं. म्हणून जहाज. म्हणून जड कुड्या.

आता ऐक काय झालं. तो आधी पाववाल्याकडे गेला, नाणं फळीवर ठेवलं आणि म्हणाला, ‘हिचं घर कुठलं? मी हिचा नवरा, कानावरून ओळखली.’ पाववाला स्वतः दुकान सोडून त्याला घेऊन आला. मागे आणखी पाच-सहा जण. सगळ्यांचे चेहरे असे, जणू लग्नाला आलेत. छकुली दारात होती. त्याने तिला हाक मारली आणि ती रडायला लागली, आनंदाने.

आणि मी, टोच्या, त्याला घरात घेतलं. चार लोक बघत होते म्हणून. हात धुवायला पाणी दिलं, आपली ती एक चांगली खुर्ची पुढे केली. दोन दिवस त्याला जेवायला वाढलं. नाण्यावर मी गुडघ्यांवर आहे याची लाज वाटत होती ना मला? त्यापेक्षा या दोन दिवसांची जास्त वाटते. तिथे तू बसवलंस. इथे मी स्वतःहून वाकून त्याच्या ताटात वाढत होते, आणि एकदा तर भाजी कमी पडली का, असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना छकुलीने सहज विचारलं, ‘बाबा, तुम्ही आईला नुसत्या कानावरून कसं ओळखलंत? तो तर तुम्ही गेल्यावर ओघळला.’ तिच्या मनात काही नव्हतं. तिला जुन्या गोष्टी ऐकायच्या होत्या.

तो हसला. म्हणाला, ‘ओघळला? असं सांगितलं होय तुला? अगं, ऐकत नव्हती, म्हणून ओढला. जरा जास्तच ओढला गेला. पण बघ, त्यामुळेच तर सापडली. नाहीतर बायका काय, सगळ्या सारख्याच.’

गमतीची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. पुढचा घास घेतला.

छकुली उठली. त्याच्यापुढचं ताट उचललं, अर्धं भरलेलं. म्हणाली, ‘उठा.’ त्याला वाटलं पोरगी थट्टा करते. ती पुन्हा म्हणाली, ‘उठा तुम्ही.’ नर्स बोलते तशी, आवाज न चढवता. तो माझ्याकडे बघायला लागला. मी दार उघडलं आणि धरून उभी राहिले. टोपी घेऊन निघताना त्याने माझ्या हातावर ते नाणं ठेवलं. म्हणाला, ‘जेवणाचे.’

दुसऱ्या दिवशी मी ते पाववाल्याकडे खर्चून टाकलं. चांदी आहे, फेकून थोडीच देणार.

तो गाडीने परत गेला असं कळलं. पण जाण्याआधी गुत्त्यात सगळ्यांना सांगून गेला. हा कान माझ्या हातचा आहे, नाण्यावर तिच्या भावाचं नाव नाही, पण माझं काम आहे, असं. आता सगळ्या गावाला ठाऊक आहे. धुलाईखान्यात माझ्याशी सगळ्या हळू आवाजात बोलतात. कालपर्यंत मी त्यांना दटावत होते. आज मुकादमीणबाईंनी माझं गाठोडं स्वतः उचललं, त्या गुडघ्यांनी. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

छकुली बोलत नाही. त्याच्यामुळे नाही, माझ्यामुळे. एकदाच म्हणाली, ‘मी त्याला बाबा म्हटलं, आणि तू ऐकत होतीस.’

दागिन्याचा भार सोसलेला कान, असं लिहिलंयस तू.

ताई


२ डिसेंबर

ताई,

काय लिहू. मी त्याला जेवायला घातलं. हात धरून गाडीच्या तिकिटाच्या खिडकीपर्यंत सोडायला गेलो.

मला येऊन तुझ्यापुढे उभं राहायचं होतं. पिशवीही भरली होती. मग वाटलं, विचारल्यावाचून तुझ्या दारात येणारा मी दुसरा होईन. म्हणून पिशवी रिकामी केली.

आज साहेबांकडे गेलो. म्हटलं, नव्या वर्षाच्या नाण्यांसाठी नवे ठसे करायचे आहेत, त्यात मला दुरुस्ती हवी आहे. वाटलं, आता का म्हणून विचारतील, मंडळाला कळवावं लागेल म्हणतील. त्यांनी मान वर न करता विचारलं, कसली? मी म्हटलं, कानाची. ते म्हणाले, ‘कान? तुम्हाला हवं ते करा. मागची बाजू कोण बघतं?’

ताई, या मागच्या बाजूसाठी मी तुला विकलं.

चष्मेकाकांनी बाहेर मला गाठलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं, पण माझा चेहरा पाहून त्यांना काही कळायचं राहिलं नसावं. म्हणाले, ‘ओळखीचा चेहरा होता ना? मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं. तेव्हा बोलायला हवं होतं मी.’ आणि निघून गेले.

आता कामाचं सांगतो, म्हणजे तुला ठरवता येईल. ठसा हा नाण्याचा उलटा असतो. ठशात जेवढं खणावं तेवढं नाण्यावर उठतं. म्हणून नाण्यावर भर घालता येते, असलेलं काढून टाकता येत नाही. कानावर केस घालता येतील, किंवा तू बांधतेस तसं फडकं. कुणाला कळणारही नाही. पण गुडघे उचलता येणार नाहीत. ते मी इतके खोल खणले आहेत, की आता मलाही काही करता येत नाही. जी नाणी निघून गेली ती तर गेलीच.

एका मनाला वाटतं, कान तसाच ठेवावा. जे झालं ते लपवायचं तू कशाला? लाज त्याला वाटायला हवी. पण माझ्या मनाला काय वाटतं ते ऐकून तुझं पुरेसं नुकसान झालं आहे. मागच्या वेळी विचारलं नाही, ते आता विचारतो. झाकू की राहू देऊ? तुझं उत्तर येईपर्यंत ठशाला हात लावणार नाही.

तुझा,
टोच्या


१० डिसेंबर

टोच्या,

झाक.

मुकादमीणबाई म्हणतात, राहू दे, चार बायकांना धीर येईल. मेट्रनबाईंचंही तेच. सगळ्यांना माझ्या कानाचं काहीतरी करायचं आहे. तू खरा म्हणून घेतलास, तो स्वतःचा म्हणून सांगत सुटला, आता या धीर म्हणून मागतात. मला कुणाचा धीर व्हायचं नाही. मला माझा कान परत हवा आहे. ज्याला दाखवायचा त्याला मी दाखवेन.

केस घाल. फडकं नको. फडकं माझं आहे.

तूर्तास येऊ नकोस. छकुली आणि मी अजून एकमेकींशी नीट बोललो नाही. त्यात तिसरं माणूस नको.

जेवत जा.

ताई


६ फेब्रुवारी

ताई,

झाकला. तीन बटा घातल्या, गालावरून मागे जाणाऱ्या. भिंगाखाली पाहिलं, कानाचा मागमूस नाही. करताना हात स्थिर होता. नंतर मात्र कोरणी धरवेना.

साहेबांनी पहिलं नाणं पाहून शाबासकी दिली. म्हणाले, आता बाई जास्त नाजूक दिसते. मी त्यांना सांगितलं की मला चित्राच्या कामातून मोकळं करा. त्यांना वाटलं डोळे बिघडले. मी तसंच वाटू दिलं. खिडकीचं टेबल सोडलं. आता नाण्यांच्या कडेच्या रेघा पाडायच्या यंत्रावर असतो. तिथे चेहरे नसतात.

तू शिक्षा दिली नाहीस, म्हणून मी आपली शोधून काढली, असं समजू नकोस. तिथे बसवतच नव्हतं, इतकंच.

छकुलीला काय लिहावं ते सुचत नाही. तिला माझ्याकडून काही सांगू नकोस.

टोच्या


२७ फेब्रुवारी

टोच्या,

नवं नाणं मिळालं. बटा चांगल्या बसल्या आहेत. मुकादमीणबाईंनी नव्या आणि जुन्या नाण्यातली बाई शेजारी शेजारी धरून पाहिली आणि म्हणाल्या, ही आता तू वाटत नाहीस. मलाही नाही वाटली. गुडघ्यांवर बसलेली कुणीतरी बाई आहे. तिची कीव येते, पण ती कीव दुसऱ्याची येते तशी.

जुनी नाणी अजून फिरतात. परवा एक हातात आलं तर ते इतक्यातच झिजायला लागलंय. लोक किती हाताळतात. वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, दोन्ही.

छकुली आठवडाभरापूर्वी बोलली. मी केस धुवून बसले होते. ती मागे येऊन उभी राहिली आणि विचारलं, ‘बघू?’ मी मान वळवली. तिने नर्स धरते तसा दोन बोटांत कान धरून पाहिला, टाका कुठे चुकला ते दाखवलं. म्हणाली, आता शिकलेल्या डॉक्टरला नीट शिवता येईल. मी म्हटलं, विचार करते. मग ती खूप वेळ तशीच माझ्या पाठीशी टेकून बसली. तिने मला माफ केलं का, माहीत नाही. मी विचारलं नाही.

तुलाही माफ केलं का, ते विचारू नकोस. अधूनमधून तुझा फार राग येतो, चादरी पिळताना विशेष. पिळून झाल्या की कमी होतो. रेघांच्या यंत्रावर डोळ्यांना त्रास कमी होत असेल तर तिथेच राहा, पण माझ्यासाठी राहू नकोस.

सुट्टी मिळेल तेव्हा ये. आधी कळव. दारावर टकटक कर आणि आत येऊ का विचार. छकुली ये म्हणाली तर आत ये. नाही म्हणाली तर पायरीवर बस, मी पाणी घेऊन बाहेर येईन.

आणि पेन्सिल तिथेच ठेवून ये.

ताई